चाकावरची दहा बोटं

साल एकोणीसशे अडुसष्ट. साल पक्कं लक्षात राहण्याचं कारण असं, की त्या वर्षी राज्याला बारा वर्षं पुरी झाली होती आणि बारा वर्षांच्या मुलीसारखंच ते हळवं होतं. कुणी जरा हसलं की गाल फुगायचे. हसणारेही कमी नव्हते. राजधानीतली वर्तमानपत्रं या राज्याला ‘दगडांचं राज्य’ म्हणत. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना वर्गात विचारत, “तुमच्याकडे पिकतं काय, खडी?” मुलं सुट्टीत घरी येऊन हे सांगायची आणि ऐकून मोठ्यांच्या तोंडचा घास कडू व्हायचा.

या टिंगलीला उत्तर द्यायला सरकारचं एक खातं होतं, प्रसिद्धी खातं. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर पाच खोल्या, एक डार्करूम, दोन टाइपरायटर आणि एक पंखा, जो साहेबांच्या खोलीत फिरायचा आणि बाहेर नुसता ऐकू यायचा. तिथे चोवीस वर्षांची एक मुलगी फोटो साफ करायचं काम करायची. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटापुरतंच. सगळे तिला ब्रशबाई म्हणत.

नव्या पुलाखालचा चिखल, शाळेच्या भिंतीवरचे पोपडे, उद्घाटनाच्या वेळी जांभई देणारा माणूस, मंत्र्यांच्या कोटावरचा कोंडा, असं सगळं ती तीन केसांच्या ब्रशाने नाहीसं करायची. खात्याचा फोटोग्राफर चेष्टेने म्हणायचा, “माझ्या फोटोत राज्य आहे तसं येतं. ब्रशबाईच्या टेबलावरून उठलं की हवं तसं होतं.” हा फोटोग्राफर प्रत्येक फोटोआधी हात वर करून “थांबा, थांबा” करायचा, म्हणून त्याचं नाव थांबाराव. आणि खात्याच्या साहेबांना त्यांच्या माघारी सगळे अभिमानसाहेब म्हणत, कारण तो शब्द न उच्चारता त्यांचं वाक्य पुरं होत नसे. चहाला साखर कमी पडली तरी ते म्हणत, “आपल्या कचेरीचा अभिमान असेल तर असा चहा देऊ नका.”

हसायला ठीक होतं, पण माणूस खोटा नव्हता. राजधानीत विद्यार्थी असताना एका खानावळीच्या मालकाने ‘दगडवाले’ म्हणून चारचौघांत त्यांना हिणवलं होतं. तो सल वीस वर्षं उराशी धरून ते खुर्चीवर बसले होते.

त्या वर्षी राजधानीत मोठं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक राज्याचा एक मंडप. आपल्या मंडपाच्या तोंडाशी काय लावायचं यावर साहेबांनी महिनाभर डोकं फोडलं आणि शेवटी टेबलावर हात आपटला. “सायकल!”

राज्यात तेव्हा अभिमानाने सांगावा असा तो एकच कारखाना होता. शहराच्या टोकाला, लाल विटांचा, फाटकावर मोठा फळा: ‘आज अपघाताविना अमुक दिवस’. आकडा रोज सकाळी खडूने बदलायचा. त्या फळ्याचाही फोटो खात्याने एकदा छापला होता.

ब्रशबाईची मावशी याच कारखान्यात होती.

मावशी म्हणायचं ते नात्याने. बाकी सगळं आईचंच केलं होतं तिने. ब्रशबाई चार वर्षांची असताना आई गेली आणि मावशीने तिला दोन खोल्यांच्या घरात आणलं. स्वतः लग्नाचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “एक पदरात पडलंय तेच खूप वळवळतं, आणखी कुठे सांभाळू?” ब्रशबाई सातवीत असताना तिची डाव्या हाताची करंगळी दारात चेमटली, तेव्हा पेन्सिलीचा तुकडा आणि चिंधी लावून मावशीनेच बांधली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. “सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात,” मावशी म्हणाली, “तुझी सोय झाली.”

कारखान्यात मावशी घंटीच्या वाट्या करायची. सायकलच्या घंटीवर ती चकचकीत वाटी असते ना, ती. पत्र्याची गोल चकती डाव्या हाताने साच्यावर ठेवायची, पायाने पट्टी दाबायची, वरून दट्ट्या आदळायचा, वाटी तयार. दिवसाला शेकड्यांनी. अशी अकरा प्रेस एका रांगेत होती आणि अकरांवर अकरा बायका. दट्ट्यासमोर जाळी असायला हवी होती. जाळी लावली की हात आत जायला वेळ लागतो आणि वाट्या कमी होतात, म्हणून अकराही जाळ्या भिंतीशी रचून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर बायका डबे ठेवत.

फेब्रुवारीत मावशीची डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं, मुळापासून.

फोरमनने तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं नाही. स्वतःच्या मोटारीत घालून ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत म्हणाला, “बाई, नोंद केली तर फळा पुन्हा शून्यावर येईल. वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस राहिलेत, सरकारचं मानपत्र मिळणार आहे. तुमचं मी बघतो. कामावरून कुणी हलवणार नाही, माझा शब्द.” मावशीला त्या वेळी शब्दापेक्षा हात दुखत होता. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा आकडा एकाने वाढला. महिन्याभराने मावशीला चाकं पुसायच्या कामावर बसवलं.

बोटं गेली त्या दिवशी मावशी घरी आली तेव्हा ब्रशबाईला रडू आवरेना. मावशीच तिला समजवायला लागली. “अगं, पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात. ज्या दोघांचं पटत नव्हतं ती गेली. आता घरात भांडण नाही.”

जूनच्या अकरा तारखेला थांबाराव कारखान्यात फोटो काढायला गेला. बाकीच्या बायका कॅमेरा बघून काठीसारख्या ताठ झाल्या. मावशीच्या हातात नवं चाक होतं. तिच्या जुन्या प्रेसशेजारची मैत्रीण, जिला आवाजामुळे अख्खा कारखाना तोफ म्हणायचा, ती मागून ओरडली, “नीट बघ हं, चाकातून फोटोवाल्याचा वरवंटा दिसतोय!” थांबारावाचं डोकं खरंच टकलं होतं. मावशीने चाक दोन्ही हातांनी तोंडासमोर धरलं, आऱ्यांमधून पाहिलं आणि खळखळून हसली. थांबाराव त्या वेळी थांबा म्हणायला विसरला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो.

फोटो टेबलावर आले तेव्हा साहेब त्या एकाशीच थबकले. “हे बघा! हे आपलं राज्य. चाक आणि हसू.” मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाकावर उजव्या हाताची पाच बोटं. डाव्या हाताची तीन.

“अरेरे,” साहेब म्हणाले. “हे नाही चालणार. चांगलं सांगायला जायचं आणि लोक म्हणणार, बघा, यांच्याकडे सायकली होतात आणि बोटं जातात. हात दाखवून अवलक्षण कशाला? दुसरी बाई घेऊ.”

इथे ब्रशबाई गप्प बसली असती तर ही गोष्टच नव्हती. पुढे आयुष्यभर तिने स्वतःला खूप सवलती देऊन पाहिल्या: साहेबांचा दबाव होता, वय लहान होतं, नोकरी होती. पण ही एक जागा अशी होती जिथे कुणाचाच दबाव नव्हता. साहेब तर दुसरी बाई घेत होते. तिलाच वाटलं, माझी मावशी राजधानीत मंडपाच्या तोंडाशी उभी राहिली पाहिजे. खडी पिकवणाऱ्यांच्या घरातली बाई कशी हसते ते बघू देत त्यांना.

“नको साहेब,” ती म्हणाली. “ही माझी मावशी आहे. मी करते नीट.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “दिसणार नाही ना?”

“मला दोन दिवस दुसरं काम देऊ नका, बास.”

हातभर लांबीचा मोठा फोटो काढून तिने खिडकीखाली लावला. धारदार पात्याने त्या जागचा काळा रंग खरवडला. मग अडचण आली. बोटं काढायची, पण कुठली? डोक्यातून काढलेली बोटं केळ्यासारखी दिसत होती. शेवटी तिने समोर आरसा ठेवला, जुनं चाक मागवलं, त्याच्या कडेवर स्वतःचा डावा हात ठेवला आणि त्यातली दोन बोटं बघून बघून उतरवली. पेरं, पेरांवरच्या सुरकुत्या, नखांवरची चमक. पाण्यात विरघळवलेली शाई, तीन केसांचा ब्रश. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मावशीच्या हाताला पाच बोटं होती. थांबारावाने त्या रंगवलेल्या फोटोचा फोटो काढला आणि नवी निगेटिव्ह तयार झाली. पुढे जे काही छापलं गेलं ते त्या नव्या निगेटिव्हवरून. जुनी ब्रशबाईने पाकिटात घालून घरी नेली. का नेली, ते तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

कचेरीच्या वहीत नोंद झाली: फोटो क्रमांक, ठिकाण, अकरा जून. साफसफाईची नोंद वहीत करत नसत. केर काढल्याची नोंद कोण ठेवतं?

ऑगस्टमध्ये प्रदर्शन झालं आणि या राज्याच्या मंडपाला पहिला मान मिळाला. दोन पुरुष उंचीची मावशी चाकातून हसत होती. राजधानीत पोटापाण्यासाठी गेलेली इकडची माणसं, मजूर, परिचारिका, ड्रायव्हर, त्या फोटोसमोर तासतास उभी राहत. एका म्हाताऱ्या हमालाने साहेबांचे हात धरून सांगितलं, “तीस वर्षं इथे ओझी उचलली, आज पहिल्यांदा मान उचलली.” परत आल्यावर हे सांगताना साहेब रडले. ब्रशबाईही रडली. ते रडणं काही खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं अवघड झालं.

मग फोटो दिनदर्शिकेवर आला. न्हाव्याच्या दुकानात, शाळेत, बँकेत, बसच्या पाठीवर. खाली ओळ: ‘आपले राज्य, आपले हात’.

ब्रशबाईने दिनदर्शिका घरी नेली आणि मावशीसमोर उलगडली. मावशी स्टोव्हपाशी बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं. मग फोटोतल्या डाव्या हातावर बोट ठेवून म्हणाली, “ही करंगळी तुझी.”

“कशावरून?”

“वाकडी आहे. मी बांधली होती, मला नाही कळणार?” आणि ती हसली, अगदी फोटोतल्यासारखी. “बरं केलंस हो. माझी नीट जपता आली नाहीत, तुझी दोन वापरते.”

तिने ती दिनदर्शिका दारामागे टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. सगळं गोड होतं, नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरमध्ये फोरमन दुसरीकडे बदलून गेला आणि त्याचा शब्द त्याच्याबरोबर गेला. चाकं पुसायला तीन बोटांची बाई कशाला, म्हणून कमी करायच्या माणसांच्या यादीत मावशीचं नाव आलं. नियम असा होता की कामावर अपघात झालेल्याला हलकं काम देऊन कायम ठेवायचं. पण अपघात झालाच नव्हता. फळा साक्षीला होता. तेव्हा तोफेने उचल खाल्ली. दहा बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन ती कामगार अधिकाऱ्याकडे गेली. मावशीला कामावर ठेवा आणि अकराही प्रेसना जाळ्या लावा, असा अर्ज. चौकशी लागली.

कारखान्याच्या मॅनेजरने उत्तर दिलं ते अगदी थोडक्यात. बाई म्हणतात बोटं फेब्रुवारीत गेली. सरकारनेच जूनमध्ये काढलेल्या फोटोत त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. म्हणजे जे झालं ते नंतर, आणि आमच्या फाटकाबाहेर.

त्या संध्याकाळी तोफ घरी आली. चप्पलही न काढता उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “पोरी, तुझ्या एका वाक्याचं काम आहे. ‘बोटं मी रंगवली.’ तीन शब्द. मला दे, मी गावभर ओरडते. पण माझं कोण ऐकतं? तुझ्या खात्याचं ऐकतील.”

“सांगेन की,” ब्रशबाई म्हणाली. “का नाही सांगणार?”

मावशी भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, “तिला नोकरी आहे. तिचं तिला ठरवू दे.”

“काय ठरवायचंय त्यात?” ब्रशबाई चिडून म्हणाली. आणि त्या क्षणी तिने खरोखरच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं. पंख्याखाली बसायची तिची ती पहिलीच वेळ. अधिकाऱ्याचं पत्र आलं होतं: खात्याचा माणूस वही घेऊन हजर राहावा.

“तूच जा,” साहेब म्हणाले. “घरचीच माणसं आहेत, सांभाळून घेशील. वहीतली तारीख वाचून दाखवायची, एवढंच काम.”

“साहेब, पण बोटं...”

साहेब खिडकीपाशी गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी तो उतरवला. “उद्या राजधानीत छापून येईल, यांची बोटंसुद्धा रंगवलेली. कळतंय ना? त्या हमालाला काय सांगायचं मी? बारा वर्षांनी लोकांनी मान उचलली, ती आपणच खाली करायची? तुझ्या मावशीला मी दुसरीकडे कुठेतरी लावतो. वचन देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी.”

त्यांनी तिला पोरी म्हटलं तेही पहिल्यांदाच. आणि वचन ऐकताना तिला फोरमनची आठवण आली नाही, यावर पुढे तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

चौकशीची खोली लहान होती. एक लांब टेबल, पाण्याचा तांब्या, भिंतीवर तीच दिनदर्शिका. तिच्याकडे पाठ करून अधिकारी बसले होते आणि समोर मावशी. म्हणजे मावशीला स्वतःलाच समोर बघत बसायचं होतं. मावशीने डावा हात टेबलावर उघडा ठेवला होता, तोफेने तसं बजावलं होतं म्हणून. ब्रशबाईने आपला डावा हात वहीखाली घातला.

“फोटो कधी काढला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“अकरा जून.”

“वही बघू. हं. ठीक.” ते मागे वळून फोटोकडे बघायला लागले. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. “बाई, तुम्ही खात्यात फोटोंवर काम करता ना? या फोटोत काही फेरफार? रंगकाम वगैरे?”

विचारलं. थेट विचारलं. कुणी तोंड दाबलं नव्हतं. साहेब तिथे नव्हते. ब्रशबाईला तोफेचा श्वास ऐकू येत होता.

“नेहमीचंच, साहेब,” ती म्हणाली. “डाग वगैरे काढतो. धूळ, ओरखडे.”

“फक्त डाग?”

“हो. डागच.”

तोफ खुर्चीवरून उठली. “अगं खोटारडे! अहो साहेब, ती दोन बोटं मी माझ्या हाताने त्या साच्यातून काढली आहेत! माझ्या रुमालात! ही पोरगी—”

“बस खाली,” मावशी म्हणाली. तोफ आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसली नव्हती, तेव्हा बसली.

अधिकारी मावशीकडे वळले. “बाई, मग जूनमध्ये तुमची बोटं कशी होती? तुम्हीच सांगा.”

मावशीने दिनदर्शिकेकडे पाहिलं, मग भाचीकडे. रागाने बघितलं असतं तर ब्रशबाईने जन्मभर ती नजर पेलली असती. पण मावशी ज्या नजरेने बघत होती, तशी ती लहानपणी परीक्षेत नापास होऊन आलेल्या भाचीकडे बघायची. दमली असेल, आधी पाणी पिऊ दे.

“चित्रात आहेत खरी,” मावशी म्हणाली. “मी काय सांगू?”

आणि तिने हात टेबलावरून उचलून मांडीत ठेवला.

अर्ज फेटाळला गेला. जाळ्या भिंतीशीच राहिल्या.

घरी जाताना दोघी एकाच बसमध्ये होत्या. बसच्या पाठीवरही मावशी हसत होती. ब्रशबाई म्हणाली, “मावशी, साहेबांनी वचन दिलंय—” मावशी म्हणाली, “थांब्यावरून पाव घ्यायचाय, आठवण कर.” त्यानंतर त्या दोघींत तो विषय पुन्हा निघाला नाही. दिनदर्शिका दारामागून मावशीने काढली नाही. वर्ष संपलं तेव्हा मात्र नवी टांगायला ब्रशबाईला जे बळ लागलं ते फोटोतलं चाक उचलायला लागलं नसतं.

साहेबांचं वचन फाइलीत फिरत राहिलं. मावशी घरीच बटणं लावायची कामं करू लागली, तीन बोटांनी सुई धरणं अवघड नाही, दोरा ओवणं अवघड. दोरा ब्रशबाई ओवून द्यायची. सकाळी कचेरीत जाताना दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. वीस वर्षं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये चौथ्या प्रेसवरच्या बाईचा अख्खा पंजा गेला. तेव्हा जाळ्या लागल्या. तोफेने रस्त्यात ब्रशबाईला गाठून एवढंच सांगितलं, “लागल्या हो जाळ्या. तुझ्या कानावर घातलं.” एवढ्या हळू आवाजात ती पूर्वी कधी बोलली नव्हती.

मग पुष्कळ पाणी वाहून गेलं. राज्य पन्नास वर्षांचं झालं. सरकारने ‘आपली पन्नास वर्षं’ म्हणून फोटोंचं प्रदर्शन ठरवलं आणि निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या ब्रशबाईला पत्र आलं: चाकवाल्या बाईचा मूळ फोटो आपल्याकडे आहे का? कचेरीतली निगेटिव्ह वाळवीने खाल्ली होती.

तिने कपाटातून ते जुनं पाकीट काढलं. अडतीस वर्षांची निगेटिव्ह, अजून धड. मनाशी म्हणाली, आता. कुणी विचारायच्या आत आता. निगेटिव्ह देऊन आली. मात्र तोंडाने काही बोलली नाही. फोटोच बोलेल असं तिला वाटलं. तीच जुनी खोड.

आठवड्याने बघायला गेली तेव्हा कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी मोठ्या आनंदाने पडदा तिच्याकडे फिरवला. “बघा आजी, कसा झालाय! निगेटिव्ह एका जागी खराब झाली होती बहुतेक, डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. मी उजव्या हाताची उचलली, उलटी केली आणि बसवली. पाच मिनिटांचं काम.”

ब्रशबाई बघत राहिली. काम उत्तम होतं. तिच्यापेक्षा चांगलं होतं. करंगळी सरळ होती.

“खराब नव्हती,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“त्या बाईला तेवढीच बोटं होती. सायकलच्या कारखान्यात गेली होती, फेब्रुवारीत. पहिल्या वेळी मी रंगवली. माझी मावशी होती ती. चौकशीत मला विचारलं होतं आणि मी डाग म्हणाले.”

खोलीतली चार माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. अडतीस वर्षं जे वाक्य घशात होतं ते कसं अगदी सहज निघालं, पत्ता सांगावा तसं. आणि ज्याला सांगायचं तो माणूस खोलीत नव्हता, चौकशी नव्हती, जाळ्या केव्हाच लागल्या होत्या.

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी निमूटपणे दोन कळा दाबल्या. बोटं गेली. मावशी तीन बोटांनी चाक धरून हसायला लागली, पूर्वीइतकंच. फोटो तसाच लावायचा, असं ब्रशबाईने प्रदर्शनाच्या अधिकाऱ्यांना लेखी दिलं. अधिकारी फार अदबीने वागले, चहा पाजला. प्रदर्शनाच्या दिवशी ती गेली तर मंडपाच्या तोंडाशी डोंगराचा फोटो होता. सुंदर होता. दगडच दगड.

अभिमानसाहेब निवृत्तीनंतर मुलाकडे राजधानीत राहायला गेले आणि तिथेच वारले. शेवटपर्यंत भेटेल त्याला आपलं राज्य कुठलं ते आधी सांगत, नाव मागून. थांबारावाने लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ काढला. तिथे चाकवाल्या मावशीचा फोटो होता, पण कोणता ते तो कुणाला सांगत नसे. फोरमन पुन्हा कुणाला दिसला नाही. कारखाना बंद पडून तिथे गोदामं झाली. फाटकावरचा फळा पुसायला कुणी उरलं नाही, म्हणून शेवटचा आकडा पावसाने पुसेपर्यंत बरेच दिवस होता. तोफ अजून आहे. ऐकू येत नाही, त्यामुळे आणखीच मोठ्याने बोलते. तीन बोटांचा फोटो आता तिच्या घरात आहे. ब्रशबाईने स्वतः नेऊन दिला, तेव्हा तोफेने तो घेतला, ‘बस’ म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. ब्रशबाई उंबऱ्यात उभी राहून आली.

मावशी एकोणनव्वद साली गेली, साध्या तापाने. चित्रातली बाई तूच ना, असं शेजारची मुलं विचारायची, तेव्हा ती शेवटपर्यंत एकच उत्तर द्यायची: “हसू माझं. बोटं माझ्या भाचीची आहेत, फार चांगला हात आहे तिचा.” मुलांना तो विनोद वाटायचा. ब्रशबाई आतल्या खोलीत सुया ओवत असायची, तिला सगळं ऐकू यायचं.